मेनूकार्ड आणि व्हिसा: लॉस एंजेलिसच्या उपनगरातली चिनी हॉटेलं

लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमधून पूर्वेला निघालात की बारा-तेरा किलोमीटरवर माँटेरे पार्क लागतं. तिथून पुढे अल्हाम्ब्रा, सॅन गॅब्रिएल, रोझमीड, आर्केडिया आणि आणखी पूर्वेला हसिएंडा हाइट्स, रोलंड हाइट्स. या सगळ्या पट्ट्याला सॅन गॅब्रिएल व्हॅली म्हणतात. दिसायला कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही उपनगरासारखाच आहे. रुंद रस्ता, एकमजली दुकानांची रांग, पुढे पार्किंग, मागे बैठी घरं. पण व्हॅली बुलेव्हार्डवरून गाडी सावकाश चालवत पाट्या वाचा. सिच्वान, शांघाय, शांडाँग, शान्शी, तैवान, चाओझाऊ, हाँगकाँग. चीनचा नकाशा फाडून त्याचे तुकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्यासारखं वाटतं.

इथे कुणाला "चांगलं चायनीज कुठे मिळतं?" असं विचारून बघा. समोरचा उलट विचारेल, "कुठलं चायनीज?" आणि मग एक न संपणारी चर्चा सुरू होते. अमक्याचे डंपलिंग की तमक्याचे, कुणाची मासळी, कुणाच्या शेवया. प्रत्येकाची यादी वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. (मिसळीवरून आपण काय करतो ते आठवा.) माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या पट्ट्यावर आहे, त्यामुळे माझीही यादी तयार झाली आहे आणि ती पुढे येईलच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न थोडा वेगळा असतो. ही हॉटेलं याच क्रमाने का आली? आधी कँटनीज, मग तैवानी, मग हाँगकाँगची, अगदी अलीकडे सिच्वान आणि उइगूर, असंच का? खवय्ये म्हणतात, अमेरिकन जीभ हळूहळू सुधारली. मला ते पटत नाही. हा क्रम जिभेने ठरवलेला नाही, अमेरिकेच्या स्थलांतर-कायद्यांनी ठरवला आहे. कुठल्या वर्षी कुठल्या दारातून कुणाला आत घेतलं, ते मेनूकार्डावर उमटलं आहे.

आता सुरुवातीपासून बघू. 1882 चा चिनी बहिष्कार कायदा तुम्हाला माहीत असेल. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला त्याने बंदी घातली. त्याआधी आलेले बहुतेक लोक ग्वांगदाँग प्रांतातल्या ताइशान आणि आसपासच्या मोजक्या तालुक्यांमधले होते. बंदीमुळे हा गट जणू गोठला. पुढची साठ वर्षं अमेरिकेतला "चिनी" माणूस म्हणजे जवळजवळ नेहमी त्याच तालुक्यांमधला माणूस. गंमत म्हणजे कायद्यात व्यापाऱ्यांना सूट होती, आणि 1915 मध्ये एका न्यायालयीन निकालाने हॉटेलमालकालाही व्यापारी मानलं. लगेच लोकांनी पैसे एकत्र करून मोठी हॉटेलं काढायला सुरुवात केली, कारण त्यातला भागीदार मायदेशी जाऊन परत येऊ शकत होता, नातेवाइकांना आणू शकत होता. अमेरिकेत चॉप सुईची लाट आली त्यामागे चवीइतकाच हा कागदही होता. म्हणजे हॉटेल आणि व्हिसा यांचं नातं माझ्या उपनगरापेक्षा खूप जुनं आहे.

1943 मध्ये बंदी उठली, पण वर्षाला फक्त 105 माणसांचा कोटा ठेवून. खरा बदल 1965 च्या कायद्याने झाला. वंशावर आधारलेले जुने कोटे गेले, प्रत्येक देशाला वर्षाला 20,000 ची मर्यादा आली आणि प्राधान्य मिळालं दोन गोष्टींना: नातं आणि शिक्षण. भारतातून डॉक्टर-इंजिनियर अमेरिकेत जायला लागले तेही याच कायद्याने. तुमच्या ओळखीतले जे काका 1970 च्या सुमारास ह्यूस्टनला किंवा न्यू जर्सीला गेले, त्यांचं आणि माँटेरे पार्कच्या पहिल्या तैवानी घरमालकांचं दार एकच होतं.

पण मग हे लोक चायनाटाउनमध्ये का नाही गेले? लॉस एंजेलिसचं जुनं चायनाटाउन युनियन स्टेशनसाठी पाडलं गेलं. ते स्टेशन 1939 मध्ये सुरू झालं आणि त्याच सुमारास थोड्या अंतरावर नवं चायनाटाउन वसलं. तिथे जागा कमी होती आणि सगळा कारभार कँटनीज. त्या काळात उपनगरात घर घ्यायचं म्हटलं तर कित्येक खरेदीखतांमध्येच अट असायची की गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी थांबवली. मग ईस्ट लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन कुटुंबं आणि जपानी-अमेरिकन कुटुंबं टेकडी ओलांडून माँटेरे पार्कमध्ये घरं घेऊ लागली. गोरेतर माणसाला घर विकायची सवय या गावाला आसपासच्या गावांच्या आधी लागली होती, आणि हा तपशील फार महत्त्वाचा आहे.

त्या सवयीत फ्रेडरिक शे नावाच्या तरुण इस्टेट एजंटला धंदा दिसला. 1970 च्या दशकात त्याने इथे जागा घ्यायला सुरुवात केली आणि हाँगकाँग-तैवानच्या वर्तमानपत्रांमध्ये या गावाची जाहिरात "चिनी बेव्हर्ली हिल्स" अशी केली. 1977 मध्ये गावातल्या व्यापारी मंडळींसमोर उभं राहून त्याने सांगितलं की हे गाव चिनी लोकांचं केंद्र होणार आहे. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1990 च्या जनगणनेत मात्र माँटेरे पार्कची निम्म्याहून जास्त वस्ती आशियाई वंशाची निघाली. मुख्य भूमीवरच्या अमेरिकेत असं झालेलं हे पहिलं शहर. मधल्या काळात लोक त्याला "लिटल तैपेई" म्हणत होते. वेई ली या भूगोल-संशोधक बाईंनी पुढे अशा वस्तीला "एथ्नोबर्ब" हा शब्द दिला. गरीब निर्वासितांची शहरातली दाट वस्ती नव्हे, तर पैसा आणि पदव्या घेऊन आलेल्यांनी थेट उपनगरात मांडलेलं बिऱ्हाड.

"लिटल बीजिंग" नाही, "लिटल तैपेई". इथे जरा थांबायला हवं, कारण या भागातल्या हॉटेलांचं कोडं इथेच सुटतं.

1949 मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरल्यावर चँग कै-शेक तैवान बेटावर गेला. त्याच्यासोबत दहा लाखांहून जास्त लोक गेले: सैनिक, कारकून, प्राध्यापक, सेनापती आणि सेनापतींचे आचारी. हे लोक चीनच्या जवळजवळ प्रत्येक प्रांतातले होते. त्यांना सैनिकी वसाहतींमध्ये घरं मिळाली. उल्हासनगरचा कँप आठवा. फक्त तिथे सगळे सिंधी होते आणि इथे एका गल्लीत सिच्वानचा हवालदार, शेजारी शांडाँगचा, पलीकडे हुनानचा. चिनी मुख्य भूमीवर ज्यांच्या स्वयंपाकघरांची कधी गाठ पडली नसती, ती घरं भिंतीला भिंत लावून राहिली. परतीची वाट बंद होती. मग प्रत्येकाने आठवणीतून आपलं गाव शिजवलं, हाताशी असलेल्या सामानात.

तैवानचं राष्ट्रीय खाणं समजलं जाणारं गोमांस-शेवयांचं सूप असंच जन्माला आलं असं एक मत आहे. सिच्वानहून आलेल्या सैनिकांनी आपल्या तिखट सोयाबीनच्या खारवलेल्या लगद्यात गोमांस शिजवलं आणि त्यात गव्हाच्या शेवया घातल्या. सिच्वानमध्ये जाऊन तेच सूप मागाल तर मिळणार नाही. अमेरिकेतल्या प्रत्येक चिनी हॉटेलात मिळणारं "जनरल त्सो चिकन" घ्या. पंग चांग-कुई हा हुनानी आचारी राष्ट्रवादी सरकारसोबत तैवानला गेला आणि हा पदार्थ त्याने तिथे तयार केला. हुनानमध्ये तो कुणाला माहीतही नव्हता.

आता कायद्याकडे परत या. 1965 नंतर "चीन" या नावाने जो 20,000 चा कोटा होता तो कोण वापरत होतं? मुख्य भूमीची दारं आतूनच बंद होती. त्यामुळे मोठा वाटा तैवानमधून येणाऱ्यांचा. 1971 मध्ये तैवानची संयुक्त राष्ट्रांमधली जागा गेली आणि 1 जानेवारी 1979 पासून अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिली. तैवानमधला पैसेवाला माणूस घाबरला आणि मुलांसाठी परदेशात घर बघू लागला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने तैवानला स्वतंत्र 20,000 चा कोटाही दिला. देश म्हणून ओळख काढून घेतली, पण व्हिसाच्या खिडकीवर वेगळी रांग लावून दिली!

या रांगेतून जे हॉटेलवाले आले त्यांनी "सिच्वान", "हुनान", "शांघाय", "उत्तर चीन" अशा पाट्या लावल्या. 1980 च्या दशकात इथे जेवणाऱ्या अमेरिकन माणसाला वाटलं, वा, चीनचे प्रांत आले! प्रत्यक्षात आलं होतं तैवानच्या सैनिकी वसाहतीतलं स्वयंपाकघर. प्रांत होते, पण तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीतले.

मग ते खोटं होतं का? "अस्सल" शब्दाचं इथे काय करायचं, हा माझ्या प्रबंधातला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. उत्तराऐवजी दोन हॉटेलं सांगते.

पहिलं डिन ताई फुंग. याची अमेरिकेतली पहिली शाखा 2000 मध्ये आर्केडियात उघडली आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तिच्याबद्दल भांडणं चालू आहेत. पदार्थ म्हणजे शाओलाँगबाओ: मैद्याची पातळ पारी, आत डुकराचं मांस आणि गरम रस्सा. दिसायला थेट उकडीचा मोदक. इथे नियमाने अठरा कळ्या पाडतात. रस्सा आत कसा जातो? मांसाचा रस्सा आटवून थंड केला की जेलीसारखा घट्ट होतो. तो सारणात मिसळायचा, उकडताना वितळतो. पदार्थ शांघायच्या बाजूचा. ज्याने हे हॉटेल काढलं तो माणूस शान्शी प्रांतातला, तैपेईत खाद्यतेलाचं दुकान चालवणारा. 1958 मध्ये सुरू केलेलं तेलाचं दुकान चालेना म्हणून त्याने उकडलेले बाओ विकायला घेतले. म्हणजे एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताचा पदार्थ तिसऱ्या ठिकाणी नावारूपाला आणला आणि तो चौथ्या ठिकाणी "चिनी खाण्याचा मानदंड" झाला. माझं मत विचाराल तर कारागिरीला तोड नाही, पण सगळं इतकं नेटकं की तिसऱ्या टोपलीनंतर कंटाळा येतो.

दुसरं, अल्हाम्ब्रातलं 101 नूडल एक्सप्रेस. पाटी साधी, हॉटेल साधं, पण या भागातल्या कुणालाही विचारा, "बीफ रोल" म्हटलं की हेच नाव घेतील. तव्यावर तेलात खरपूस केलेली कणकेची पोळी, तिच्यात मसाल्यात शिजवून गार केलेल्या गोमांसाच्या चकत्या, कोथिंबीर आणि गोडसर काळी चटणी. शांडाँगकडची गव्हाची, पोळ्यांची, कांदापातीची संस्कृती यात दिसते. उत्तर चीन हा भाताचा नव्हे तर गव्हाचा प्रदेश आहे हे एरवी पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, इथे एका घासात राहतं. माझ्या यादीत हे डिन ताई फुंगच्या वर आहे आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

शाकाहारी वाचक एव्हाना वैतागले असतील. त्यांनी हसिएंडा हाइट्समधलं 1988 मध्ये पूर्ण झालेलं शी लाइ बौद्ध मंदिर गाठावं. मूळ संस्था तैवानची. तिथल्या भोजनगृहात दुपारी शाकाहारी जेवण मिळतं. चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे आपल्याकडच्या चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही चालेल. आणि हेही त्याच तैवानी लाटेतून आलं आहे.

एवढं सगळं होत असताना गावात काय चाललं होतं? इथे गोष्ट कडवट होते. 1983 मध्ये लिली ली चेन माँटेरे पार्कच्या महापौर झाल्या. अमेरिकेतल्या पहिल्या चिनी-अमेरिकन महिला महापौर म्हणून त्यांचं कौतुक झालं. तीनच वर्षांनी, एप्रिल 1986 च्या निवडणुकीत त्या आणि त्यांचे दोन मेक्सिकन-अमेरिकन सहकारी पडले. त्या काळात गावातल्या एका पेट्रोल पंपावर पाटी लागली होती: शेवटचा अमेरिकन माणूस गाव सोडून जाताना झेंडा घेऊन जाईल का, अशा अर्थाची. तक्रार वरवर बांधकामाची, गर्दीची, पार्किंगची होती, आणि त्यात तथ्यही होतं. जमिनीचे भाव फुगले होते, बैठ्या घरांच्या जागी इमारती येत होत्या, जुनी दुकानं भाडं न परवडून बंद होत होती. पण राग निघाला तो दुकानांच्या पाट्यांवर. ज्या पाट्या वाचता येत नाहीत त्या आपल्याविरुद्ध आहेत असं लोकांना वाटू लागलं. जून 1986 मध्ये नव्या नगर परिषदेने इंग्रजी ही अधिकृत भाषा व्हावी असा ठराव केला. चिनी, लॅटिनो आणि काही गोरे रहिवासी एकत्र आले आणि काही महिन्यांत तो मागे घ्यावा लागला. त्याच नोव्हेंबरमध्ये मात्र राज्यभरातल्या मतदारांनी इंग्रजीला कॅलिफोर्नियाची अधिकृत भाषा ठरवलं.

पाट्यांचं राजकारण मराठी वाचकाला नवं नाही. पण तुलना जपून करा. मुंबईतला वाद स्थानिक भाषा स्वतःच्या शहरात दिसावी यासाठी होता. इथे देशभर चालणारी भाषा एका लहान गावात दिसणाऱ्या लिपीला घाबरली होती. माझ्यासाठी यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी: आज खवय्ये ज्या हॉटेलांच्या याद्या करतात, त्यांची मूळ पाटी कधीकाळी गावातून हाकलण्याचा पुरावा म्हणून दाखवली जात होती. 1988 मध्ये ज्युडी चू त्याच नगर परिषदेवर निवडून आल्या आणि 2009 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचल्या. पुढची कहाणी मोठी आहे, ती पुन्हा कधीतरी.

हाँगकाँगची लाट त्यामानाने थोडक्यात सांगते. वसाहत असल्यामुळे हाँगकाँगला अमेरिकेचा कोटा अगदी किरकोळ होता, फक्त 600. तो 1986 मध्ये 5,000 झाला आणि 1990 च्या कायद्याने आणखी वाढला. 1997 मध्ये शहर चीनकडे जाणार हे 1984 मध्येच ठरलं होतं, त्यामुळे माणसं निघालीच होती. पण कॅनडाने गुंतवणूकदारांसाठी वेगळं दार उघडलं आणि पैसेवाली मंडळी मोठ्या संख्येने व्हँकुव्हर आणि टोरांटोला गेली. म्हणूनच लॉस एंजेलिसचा अभिमानी खवय्याही जरा आढेवेढे घेत कबूल करतो की कँटनीज खायचं तर व्हँकुव्हरजवळच्या रिचमंडला जा. इथेही चव व्हिसाच्या मागे गेली.

तरी इथलं डिमसम काही वाईट नाही. तुलना करायची तर माँटेरे पार्कचं एनबीसी सीफूड आणि रोझमीडचं सी हार्बर ही जोडी घ्या. पहिल्यात ढकलगाड्या फिरतात: टोपल्यांची चळत घेऊन बाई टेबलापाशी येते, झाकण उघडते, तुम्ही बोट दाखवता. दुसऱ्यात कागदावर खुणा करून ऑर्डर द्यायची आणि पदार्थ तेव्हाच उकडून येतो. गाडीवरचा कोळंबीचा बाओ फेऱ्या मारून मारून मऊ पडतो, ऑर्डरचा पारदर्शक आणि घट्ट येतो. हाँगकाँगने गाड्या केव्हाच सोडल्या होत्या. सी हार्बरने 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला ती पद्धत इथे रुजवली आणि बाकीचे मागून आले. चवीला सी हार्बर सरस आहे यात शंका नाही. पण रविवारी सकाळी आजी-आजोबा-नातवंडं असं बारा माणसांचं टेबल आणि मधून वाट काढत येणाऱ्या गाड्या बघायच्या असतील तर एनबीसी. गाड्यांना रुंद वाटा लागतात, खूप माणसं लागतात आणि दोन्ही महाग झाल्या आहेत.

एक दार आणखी आहे आणि त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही: निर्वासितांचं. 1975 नंतर, विशेषतः 1978-79 मध्ये, व्हिएतनाम आणि कंबोडियातले वंशाने चिनी असलेले लोक बाहेर पडले. त्यातले बरेच जण चाओझाऊ बोलणारे. सॅन गॅब्रिएलचं न्यूपोर्ट सीफूड या परंपरेतलं. चिनी, व्हिएतनामी आणि कंबोडियन हातांचं मिश्रण. कांदापात, लसूण, मिरी-मिरची घालून परतलेला भलामोठा लॉबस्टर वजनावर विकतात. आधी जिवंत आणून दाखवतात, मग आत नेतात. हा पदार्थ चीनच्या कुठल्या प्रांताचा, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तो आग्नेय आशियातल्या चिनी घरातून निघून कॅलिफोर्नियातल्या टेबलावर पोचलेला पदार्थ आहे.

आता सिच्वान. आपल्या गाडीवरच्या "शेजवान" चटणीचं हे मूळ गाव, पण तिथल्या स्वयंपाकाचा प्राण असलेली एक वस्तू आपल्या चटणीत सहसा नसते: हुआच्याव, म्हणजे सिच्वान मिरी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही, कारण तिची सख्खी चुलत बहीण तिरफळ तुमच्या बांगड्याच्या आमटीत असते. जीभ बधिर करणारी तीच झिणझिणी, फक्त इथे लाल मिरचीच्या जोडीने. ही मिरी लिंबू-संत्र्याच्या कुळातली. तिच्यावरून संत्र्याच्या बागांना रोग लागेल या भीतीने अमेरिकेने 1968 पासून तिची आयात बंद केली होती. बरीच वर्षं कानाडोळा झाला, मग 2002 च्या सुमारास तपासणी कडक झाली आणि 2005 मध्ये उष्णतेची प्रक्रिया केलेल्या मिरीला परवानगी मिळाली. म्हणजे सिच्वान पाट्यांखाली अमेरिकेत जे शिजत होतं, त्यातली कितीतरी वर्षं कागदोपत्री तरी सिच्वानची मिरी नव्हती!

माणसांचं दारही त्याच सुमारास उघडलं. 1989 च्या तिआनमेन घटनेनंतर अमेरिकेत अडकलेल्या चिनी विद्यार्थ्यांसाठी 1992 मध्ये कायदा झाला आणि पन्नास हजारांहून जास्त लोकांना ग्रीन कार्ड मिळालं. त्यानंतर विद्यार्थ्यांची मोठी लाट आली. 2009-10 मध्ये अमेरिकेत सर्वात जास्त परदेशी विद्यार्थी पाठवणारा देश म्हणून चीनने भारताला मागे टाकलं. ही मुलं पहिल्या पिढीसारखी एका सूटकेसवर आलेली नव्हती. गेल्या महिन्यात छंगदूमध्ये काय खाल्लं ते त्यांना लख्ख आठवत होतं आणि बिल भरायची ऐपत होती.

2013 मध्ये अल्हाम्ब्रात छंगदू टेस्ट उघडलं ते या गिऱ्हाइकासमोर. बाहेर तासन्‌तास रांगा. लॉस एंजेलिस टाइम्सचे समीक्षक जोनाथन गोल्ड यांनी त्याची दखल घेतली. खाद्यसमीक्षेसाठी पुलित्झर मिळवणारे ते पहिलेच, आणि ही व्हॅली त्यांचं आवडतं रान. मग शहराच्या पश्चिमेकडून लोक तासभर गाडी हाकत यायला लागले. हिरव्या सिच्वान मिरीतला मासा, जिऱ्यात परतलेले मटणाचे तुकडे (प्रत्येकाला दातकोरणं टोचलेलं), मुगाच्या पिठाच्या थंडगार जेलीवर लाल तेल. जुन्या तैवानी-सिच्वान हॉटेलातली गोडसर, दाट रश्श्याची चव आणि ही चव शेजारी ठेवून बघा. मधे पन्नास-साठ वर्षं गेली आहेत. या काळात सिच्वानही बदललं. म्हणून जुनं "नकली" आणि नवं "अस्सल" असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. एक 1949 चं सिच्वान आहे, तैवानमार्गे आलेलं. दुसरं 2013 चं, थेट विमानाने आलेलं. मला स्वतःला दुसरं जास्त आवडतं, हे मात्र खरं.

शेवटची जोडी उइगूरांची. चीनच्या वायव्य टोकाला शिनजियांग प्रांत, तिथले तुर्किक कुळातली भाषा बोलणारे मुसलमान म्हणजे उइगूर. सॅन गॅब्रिएलमध्ये एक हॉटेल निघालं, त्याच्या पाटीवर "शिनजियांग हलाल" होतं. काही वर्षांनी अल्हाम्ब्रात डोलान्स निघालं, त्याच्या पाटीवर "उइगूर". दोन्हीकडे हाताने ओढलेल्या लाघमान शेवया, दोन्हीकडे शिगेवरचं मटण. एका पाटीवर प्रांत, दुसरीवर लोक. शिनजियांगमध्ये उइगूरांवर काय ओढवलं आहे ते बातम्यांमधून तुम्हाला माहीत आहे. मालकांच्या मनात काय होतं हे पाटीवरून सांगता येत नाही, आणि ते सांगू नये. पण "प्रादेशिक चिनी हॉटेल" अशी यादी करताना हे दुसरं नाव त्या मथळ्याखाली लिहायचं की नाही, यावर माझा पेन दर वेळी अडतो.

दोन्हीकडे "दापानजी" मिळते, म्हणजे शब्दशः मोठ्या ताटलीतली कोंबडी. शिनजियांगची ओळख म्हणून हिचं नाव घेतात, पण वय फार नाही. 1980-90 च्या दशकांत हमरस्त्यावरच्या ढाब्यांमधून ती पसरली. त्यात बटाटे आहेत, सुक्या लाल मिरच्या आहेत, सिच्वान मिरी आहे, आणि पूर्वेकडून तिथे स्थलांतर केलेल्या लोकांचा हात उघड दिसतो. मागवलीत तर चार जण तरी सोबत न्या. कोंबडी आणि बटाटे संपत आले, तळाशी नुसता लाल रस्सा उरला की वेटरला हाक मारा. तो आतून पट्ट्यासारख्या रुंद, ताज्या शेवया आणून त्याच ताटलीत ओततो.